बर्फातून आलेलं पाठीतलं पाणी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. आई म्हणते, नवरा म्हणतो, आणि बारामतीतल्या ज्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते तिथली काउंटरवरची मुलगी तर पेशंटला आधीच बजावून ठेवते, आतल्या बाईंशी बेतानं बोला. तिचंही चुकत नाही. छातीतली थुंकी आणा म्हटलं की नुसती लाळ आणणारा, उपाशीपोटी या म्हटलं की चहा-बिस्किट खाऊन येणारा, बाटली अर्धी पिशवीत सांडून वर आमच्यावरच खेकसणारा, असे रोज दहा भेटले की कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? मी बोलते, मोकळी होते आणि पुढच्या मिनिटाला विसरते. समोरचा विसरतो की नाही हे बघायला मी कधी थांबले नव्हते.

माझं काम जंतू वाढवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे ते असंच. पू, रक्त, लघवी, जे काही येईल त्यातला जंतू आधी जगवायचा, त्याला खायला घालायचं, ऊब द्यायची, डोळ्यांना दिसेल एवढा त्याचा ठिपका होऊ द्यायचा. मग त्याचं नाव ओळखायचं आणि कोणत्या औषधानं तो मरतो ते डॉक्टरला कळवायचं. म्हणजे मारायला मदत करायची म्हणून आधी जगवायचं. आमच्याकडं येईपर्यंत तो मेला असेल तर सगळा खेळ खलास.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शेळगावला असतो, द्राक्षाची बाग आणि शेडनेटमध्ये ढोबळी मिरची करतो. एकदा आईला लघवीला जळजळ व्हायला लागली तेव्हा तो तिच्या लघवीची बाटली घेऊन आला. मे महिन्यातली दुपार, बाटली पिशवीत घालून मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेली. पोचेस्तोवर तिचा काढा झाला होता. अशा लघवीत भलतेच जंतू माजतात आणि रिपोर्ट खोटा येतो. मी दादाला काउंटरपुढं, पाच-सहा पेशंटांदेखत फाडून खाल्ला. द्राक्षाच्या पानांचे देठ तपासायला देतोस ते कसे बर्फाच्या पेटीत घालून नेतोस, आणि आईचा नमुना उन्हातनं आणतोस होय, म्हटलं. नमुना कधी गरम होऊ द्यायचा नसतो, बर्फात आणायचा. दादानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गेला. मी सांगितलेलं तो पक्कं डोक्यात ठेवतो, याचं मला तेव्हा कौतुक होतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली असतील नसतील, तेव्हाचा तो मंगळवार. सकाळी साडेदहाला इंदापूरच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. त्यांचे नमुने आमच्याकडं येतात, त्यामुळं ओळख. ते म्हणाले, तुमची भाची माझ्याकडं ॲडमिट आहे.

दादाची मुलगी, वय वर्षं चार. तिला ताप आहे एवढं मला माहीत होतं. गावातल्या डॉक्टरनं दोन दिवस इंजेक्शनं दिली होती, उतरेल म्हणाला होता. सोमवारी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, मंगळवारी पहाटे झटका आला आणि मान ताठ झाली. वहिनी तिला मांडीवर घेऊन आणि दादा गाडी चालवत, असे ते इंदापूरला पोचले. डॉक्टरांनी मेंदूज्वर ओळखला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि लगेच इंजेक्शन चालू केलं. आता पाण्याची नळी दादाबरोबर पाठवतोय, म्हणाले. न्यूमोकोकस नावाचा जंतू असेल तर चालू औषध कधी कधी पुरत नाही, जोडीला दुसरं द्यावं लागतं. पण ते किडनीवर येतं, आणि हिच्या किडनीचे आकडे आधीच बिघडलेत. तेव्हा उगाच द्यायचं नाही मला. नाव सांगा, लवकर सांगा.

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. या दुखण्यात काय काय होतं ते मला पाठ आहे. पोर जातं. नाही गेलं तर कान जातात. कधी एक, कधी दोन्ही. आमच्याकडं अशी पाठीतली पाणी वर्षाकाठी थोडीच येतात आणि मी त्यांच्यावर नावाऐवजी नंबर टाकून काम करते. नंबराला चेहरा नसतो, बरं असतं. या पोरीला चेहरा होता. रोज संध्याकाळी फोन करून ती मला विचारायची, आत्या, आज कुठला किडा धरलास? आणि मी एखाद्या दिवशी नाव सांगितलं नाही तर रुसायची.

मी सगळी तयारी करून ठेवली. जंतूंना खायला घालायच्या बशा फ्रीजमधून काढून ऊब यायला बाहेर ठेवल्या. या बशांमध्ये मेंढीचं रक्त शिजवून घातलेलं असतं, रंग चॉकलेटसारखा होतो म्हणून आम्ही त्यांना चॉकलेटच म्हणतो. मेंढीचं रक्त आम्हाला सुप्याकडच्या एका धनगराच्या कळपातून, जनावरांच्या डॉक्टरच्या हातून मिळतं. माणसाचं रक्त चालत नाही, त्यात हे नाजूक जंतू धड वाढत नाहीत. मोठी काचेची बरणी पुसून ठेवली, आत मेणबत्ती ठेवली. बशा आत ठेवून मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं, आतली हवा संपत आली की ती आपोआप विझते, आणि जी हवा उरते ती या जंतूंना मानवते. सगळं असं हाताशी मांडून मी दाराकडं बघत बसले.

इंदापूरहून बारामती सव्वा तासाची वाट. दोन तास झाले तरी दादाचा पत्ता नाही. फोन लावला तर लागेना. पावणेएकला तो आला, घामानं निथळत, आणि त्याच्या हातात थर्मोकोलची पेटी होती.

ती पेटी मी ओळखत होते. पानांच्या देठांची. झाकण उघडलं तर आत बर्फाचा चुरा गच्च भरलेला आणि त्यात उभी खोचलेली नळी. तो वाटेत मुद्दाम शेळगावला घरी थांबला होता, पेटी घेतली होती, मग फाट्यावरच्या रसवंतीतून बर्फ घेतला होता, नळी गरम होऊ नये म्हणून. नळी उचलली तर बोटं बधिर झाली.

लघवी बर्फात आणायची, हे खरं. पण पाठीतलं पाणी कधीही, कधीही बर्फात घालायचं नसतं. या पाण्यातले जंतू माणसाच्या अंगच्या उबेत जगणारे. गारठले की मरतात. हे पाणी खिशात घालून, अंगाशी धरून आणायचं असतं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल, गडबडीत राहिलं असेल, किंवा सांगितलं असेल आणि दादाच्या डोक्यात शिरलं नसेल. आणि मी? फोन आल्या आल्या दादाला फोन करून हे एक वाक्य सांगायला मला काय झालं होतं? दोन तास मी बशा मांडत बसले होते.

पण त्या क्षणाला मी स्वतःला हे विचारलं नाही. दाराशी दोन पेशंट उभे होते, काउंटरवरची मुलगी उभी होती. मी नळी हातात धरून दादाकडं वळले.

"बर्फात घातलास? पोरीला मारलंस तू, दादा."

तो चिडला नाही. मग हळूच म्हणाला, "तूच म्हणाली व्हतीस की. गरम होऊ द्यायचं न्हाय."

मी दार आपटून आत गेले. त्यानंतर काय झालं ते काउंटरवरच्या मुलीनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. दादा तिथं बाकावर बसला, पेटी मांडीवर घेऊन. बर्फ वितळून त्याच्या पँटवर गळत होता तरी त्याला कळत नव्हतं. शेवटी तिनंच ती काढून घेतली आणि त्याला म्हणाली, दादा, तुम्ही जावा पोरीकडं.

आत मी कामाला लागले. हात कामाला लागले की माझं डोकं थोडं शांत होतं. चांगलं असतं तेव्हा हे पाणी नळाच्या पाण्यासारखं असतं. हे तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. नळी यंत्रात घालून गरगर फिरवली, गाळ तळाशी बसला. त्यातला एक थेंब बशांवर ओढला, बशा बरणीत, मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं, बरणी उबेच्या पेटीत ठेवली. मग दोन काचांवर एकेक थेंब घेऊन वाळवला. आमच्याकडं अशी रीत आहे की अशा नमुन्याच्या दोन काचा करायच्या. एक टेक्निशियननं रंगवून बघायची. दुसरी न रंगवता मॅडमसाठी राखून ठेवायची. मॅडम म्हणजे आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरीणबाई. त्या स्वतःच्या हातानं ती रंगवतात आणि शेवटचा शब्द त्यांचा. ही रीत मीच लावून धरलेली. नव्या मुलींनी घाईत दुसऱ्या काचेला हात लावला तर मी त्यांना सोलून काढते. मॅडम त्या दिवशी साताऱ्याला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, परवा येणार होत्या.

पहिली काच रंगवली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं, मग लाल रंग. स्पिरिटनं धुतल्यावरही जांभळा राहिला तो जंतू एका जातीचा, रंग सोडून गुलाबी झाला तो दुसऱ्या जातीचा. न्यूमोकोकस जांभळा राहतो. मेंदूज्वराचा दुसरा मोठा जंतू मेनिंगोकोकस, तो गुलाबी. दोघंही जोडीजोडीनं राहतात. एकाची जोडी टोकाला टोक लावलेली, दुसऱ्याची घेवड्याच्या दाण्यांसारखी पोटाला पोट लावलेली. पुस्तकात हे फार सोपं दिसतं.

काचेवर पुवाच्या पेशी खच्चून भरल्या होत्या. त्यांच्या मधून शोधत शोधत गेले तेव्हा एक जोडी दिसली. गुलाबी. अजून एक, ती जांभळटशी. तिसरी अर्धी जांभळी अर्धी गुलाबी. मेलेला किंवा मरायला टेकलेला जंतू रंग धरत नाही, मुळात जांभळा असला तरी गुलाबी होतो. दोन दिवसांची इंजेक्शनं अंगात गेलेली, वर तासाभराचा बर्फ. टोकाला टोक की पोटाला पोट, तेही नीट कळेना. मी पाऊण तास त्या काचेवर डोळे लावून बसले. डोळ्यात पाणी यायला लागलं आणि मग तर काहीच दिसेना.

आणि इथं मला माझी रीत आडवी आली. जे दिसलं तेच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलेलं. सगळ्यांना ऐकवलेलं. मी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, जोडीजोडीचे जंतू आहेत, रंग नक्की सांगता येत नाही, उद्या दुपारपर्यंत बशीवर वाढ दिसेल, मग नाव सांगते. ते म्हणाले, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मला वाटून काय उपयोग, दिसलं पाहिजे. ते म्हणाले, ठीक आहे, तोवर दुसरं औषध थांबवतो. घरातल्या सगळ्यांना, दादाच्या धाकट्या तान्ह्या पोराला धरून, त्यांनी सावधगिरी म्हणून औषध दिलं, ते झालं. पण पोरीचं दुसरं औषध थांबलं.

दुसरी काच माझ्या उजव्या हाताला ट्रेमध्ये पडून होती.

बुधवारी सकाळी सातला मी लॅब उघडली. बरणीचं झाकण काढलं, बशी उजेडाला तिरपी धरली. कोरी. आठला बघितली, नऊला बघितली, दहाला बघितली. दर वेळी बाहेर काढून आपण तिची ऊब घालवतोय हे कळत होतं आणि तरी बघत होते. भिंग लावून बघितली. मेंढीच्या रक्ताचा गुळगुळीत तपकिरी थर, त्यावर एक ठिपका नाही. देवाचं नाव घ्यायचं मला सुचत नाही सहसा. त्या दिवशी मी जंतूची विनवणी केली. म्हटलं, बाबा, एकच ठिपका ये. एवढ्या वर्षांत तुमच्या जातीला मी कमी का पोसलंय?

मधल्या वेळात वहिनीचा फोन येऊन गेला. ताप एकशे चारच्या खाली नाही, पोर ओळखत नाही, मधूनच किंचाळते. वन्सं, काय निघालं का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

दुपारी तीनला बशी कोरीच होती आणि मला कळून चुकलं की ती कोरीच राहणार. जे काही जिवंत होतं ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता नाव सांगेल असं एकच उरलं होतं, मॅडमसाठी राखलेली काच. मॅडमना फोन लावला. मागं बँड वाजत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, अगं मग कालच का नाही रंगवलीस?

मी फोन ठेवला.

काच घेतली. या वेळी स्पिरिट एकेक थेंब टाकून, श्वास धरून धुतलं, जास्त धुऊन मेलेल्याचा होता नव्हता तो रंगही निघून जाऊ नये म्हणून. हे असं जपून करायची बुद्धी मला काल झाली नव्हती, काल माझ्या हातात राग होता. भिंगाखाली घेतली. पाचव्या-सहाव्या जागी एक जोडी स्पष्ट आली. जांभळी. टोकाला टोक. भोवती कोरी कड. मग त्याच्याच शेजारी अजून दोन. न्यूमोकोकस. माझ्या तोंडून हुंदका आला. काउंटरवरची मुलगी धावत आत आली आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

सव्वातीनला मी डॉक्टरांना नाव सांगितलं. साडेतीनला दुसरं औषध सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पोरीला बारामतीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. मंगळवारी दुपारी जे नाव सांगता आलं असतं ते बुधवारी दुपारी सांगितलं. चोवीस तासांच्या वर वेळ गेला.

शुक्रवारी ताप उतरायला लागला. रविवारी तिनं डोळे उघडून वहिनीचा पदर धरला. दादा रोज शेळगाव-बारामती असा फिरत होता, बाग सांभाळत, घरचं तान्हं आईकडं सोपवून. माझ्याशी बोलायचा, पण माझ्याकडं बघायचा नाही. मी रोज डबा घेऊन जायचे. मला त्याला म्हणायचं होतं की त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. रोज उद्यावर ढकलत होते. माफी मागायची सवय नसली की तोंडातून शब्दच निघत नाही.

दहाव्या का अकराव्या दिवशी डबा घेऊन गेले तर वहिनी पोरीला वरणभात भरवत होती. घास घेऊन झाला की वहिनी तिच्या पायाला हात लावायची, पोर वर बघायची, मग वहिनी आ करून दाखवायची. दोनदा झालं, तीनदा झालं. एरवी ही बाई घास भरवताना अखंड चिऊकाऊच्या गोष्टी सांगणारी, ती गप्प होती. माझं लक्ष गेलेलं तिनं बघितलं. वाटी ठेवली आणि मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"तिला ऐकू येत न्हाय, वन्सं. मला चार दिस झालं ठाऊक हाय. उद्या डॉक्टर कानाची तपासणी करणार हायत, मग ह्यास्नीबी कळंल."

ती रडली नाही. तिचं रडून झालं असावं. तिला भलतीच काळजी होती. मला म्हणाली, ह्ये नीट जेवत नाहीत. परवा घरी गेले तर बागेतल्या फवारणीच्या औषधाच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या आईनं, दार बडवलं तेव्हा उघडलं. काही बोलत नाहीत, एकच धरून बसलेत, मी बर्फ घातला, मी बर्फ घातला. आता कान गेल्याचं कळलं तर हा माणूस हाती लागायचा नाही. तिनं माझा हात धरला.

"तुमी त्यास्नी सांगा, बर्फानं काय झालं न्हाय. खरं असू द्या नायतर खोटं. तुमचं ऐकत्यात ते."

मी काय बोलले होते ते तिला ठाऊक होतं. तिनं ते शब्द उच्चारले नाहीत, एवढी तिची माया.

दादा खाली आवारात पिकअपमध्ये बसला होता, दोन्ही दारं उघडी टाकून. मी शेजारी जाऊन बसले आणि जे अकरा दिवस जमलं नव्हतं ते एका दमात बोलले. मी चुकले, रागात बोलले. गावातल्या डॉक्टरची दोन दिवसांची इंजेक्शनं आधीच गेली होती, जंतू तसाही वाढला नसता. बर्फानं काही झालेलं नाही. मॅडमसुद्धा असंच म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, कदाचित. तो शब्द मी गाळला.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कागदावर दे."

मला आधी समजलं नाही. तो म्हणाला, तोंडी मला धीर द्यायला कुणीही सांगेल. तू लॅबच्या कागदावर लिहून दे, शिक्का मारून. माती, पाणी, पानं, माल बाहेरदेशी पाठवायच्या आधीची तपासणी, या माणसाचं सगळं आयुष्य रिपोर्टावर चालतं. रिपोर्टात आलं की मग त्याला शंका राहत नाही. ज्या पोरीच्या कानांचा निकाल उद्या यायचा होता, तिचा बाप माझ्याकडं स्वतःचा रिपोर्ट मागत होता.

लॅब तिथून चालत दहा मिनिटांवर. मी गेले. लेटरहेड घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर नमुना बर्फातून आणल्यामुळं रुग्णाच्या निदानावर अथवा उपचारावर कोणताही परिणाम झालेला नाही. तोवरच्या सोळा वर्षांत डोळ्यांनी न दिसलेली गोष्ट मी पहिल्यांदा लिहिली. ती खरी आहे की खोटी ते मला आजही माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. शिक्का मारला.

मग पेन तसंच हातात राहिलं. त्याच्या खाली अजून एक ओळ लिहायला हवी होती, आणि ती मात्र मला पक्की माहीत होती. नमुन्याची दुसरी काच मंगळवारी दुपारी तयार होती, ती बुधवारी दुपारी रंगवली, त्यामुळं औषधाला एक दिवस उशीर झाला. कागदावर जागा भरपूर होती. मी पेनाला टोपण लावलं.

दादानं तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. शिक्क्यावरून बोट फिरवलं. घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. आणि मग तो गाडीच्या दाराला धरून खाली बसला आणि रडला, इतका की वॉचमन येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, डब्यात काय आणलंयस, भूक लागलीय. चार चपात्या खाल्ल्या त्यानं. दुसऱ्या दिवशी कानाचा रिपोर्ट आला तेव्हा तो खचला, पण उभा राहिला.

पोरगी आता सात वर्षांची आहे. उजवा कान पूर्ण गेला, डाव्याला यंत्र लावलं की थोडंफार कळतं. शाळेत जाते. गावात कुणी विषय काढला की दादा सांगतो, माझी बहीण व्हती म्हणून पोरगी वाचली, तिनं जंतू धरला. माझ्यासमोर सांगतो, माझ्या पाठीवर हात ठेवून. त्याला ती दुसरी ओळ मी अजून सांगितलेली नाही.